नाताळ ६ जानेवारीपर्यंत असतो

पर्वरीच्या एका आईनं ३ डिसेंबरला, जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) सुट्टीत, दुपारी मुलं झोपली होती तेवढ्या वेळात प्रश्न लिहून पाठवला. थोडक्यात तो असा:

मुलगी पाच वर्षांची, केजी टूत. मुलगा सोळा महिन्यांचा, अजून रात्री अंगावर पितो. मी बँकेत, सकाळी नऊला निघते ती संध्याकाळी सहाला येते. दिवसा सासूबाई आणि कामाला येणारी मावशी बघतात, पण सासूबाईंचे गुडघे गेलेत. नवरा कांदोळीच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये, ब्रेक शिफ्ट (मध्ये सुट्टी देऊन दोन तुकड्यांत ड्युटी), १५ डिसेंबर ते २ जानेवारी सगळ्यांच्या रजा बंद. मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. मुलगा रात्री तीन-तीनदा उठतो. २० तारखेला शाळेत नाताळचा कार्यक्रम, तिला एंजलचा ड्रेस हवा. घरी नक्षत्र (नाताळचा चांदणीचा कंदील) आणि गोठा (बाळ येशूच्या जन्माचा देखावा) हवा म्हणून हट्ट. सासूबाई म्हणतात, आपल्यात नसतं. शेजारच्या काकींनी कुस्वाद (नाताळचा फराळ) करायला मदतीला बोलावलंय, त्यांना नाही म्हणवत नाही. २४ला पुण्याहून नणंद येतेय, सहा माणसं. मी दिवसभर मुलांवर ओरडत असते. डॉक्टर, माझं कुठे चुकतंय?

अगं, सव्वीस वर्षं म्हापशात मुलांचा दवाखाना चालवते आहे आणि माझी थोरली तुझ्याहून थोडीच लहान आहे, म्हणून अरे-तुरेवर येते, राग मानू नकोस. तुझं पत्र वाचून मी आधी पेन घेतलं आणि कामं मोजली. डझनावर गेली. त्यातली खरोखर तुझ्या मुलांसाठीची तीन-चार. बाकीची शाळेची, शेजारची, पुण्याची आणि हॉटेलच्या सीझनची. चूक शोधायची तर या हिशेबात शोध, स्वभावात नको.

माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक गंमत दिसते. जूनमध्ये पाऊस लागला की बाप मुलांना घेऊन येतात. चिखल उडवत, हेल्मेट हातात, औषधाची चिठ्ठी समजावून घेत. १० डिसेंबरनंतर तेच बाप गायब. एकटी आई, कडेला एक, बोटाला एक. विचारलं तर एकच शब्द: सीझन. कुणाचा नवरा किचनमध्ये, कुणाचा टॅक्सीवर, कुणाचा शॅकवर. सगळी दुनिया सुट्टी घालवायला आपल्याकडे येते आणि आपल्या घरातला माणूस नेमका त्याच दिवसांत घरात नसतो. त्या घरांनी २५ तारखेला सगळं साजरं करायचा अट्टहास धरला की त्याचं ओझं बाईवर पडतं. तुझ्या घरचा सण मी पुढे ढकलणार आहे, पण आधी पोट.

पाच वर्षांचं मूल रोज सकाळी पोट दुखतं म्हणालं, बेंबीभोवती हात फिरवून दाखवलं, रविवारी मात्र एकदाही दुखलं नाही आणि बाकी खाणं-खेळणं ठीक असलं, तर मी दोन गोष्टी धरून चालते. पहिली बद्धकोष्ठ. ऐकायला किरकोळ वाटते, पण मुलांच्या पोटदुखीचं इतकं साधं आणि इतकं दुर्लक्षित कारण दुसरं नाही. तुझी मुलगी पावणेसातला उठते, साडेसातला व्हॅन. यात शी कधी करणार? शाळेतल्या संडासात मुलं जात नाहीत, दाबून ठेवतात. तालमी सुरू झाल्या की पाण्याची बाटली भरलेली घरी परत येते. तुझ्या घरी तसंच असणार, आज बाटली उघडून बघ. उपाय असा: पंधरा मिनिटं आधी उठव, कोमट पाणी किंवा दूध दे, मग कमोडवर बसव. पाय लोंबकळत ठेवू नकोस, पायाखाली पाट दे. पाय टेकले की पोटाला जोर मिळतो. आठ-दहा मिनिटं, झाली तर झाली. रागावणं नाही, "झाली का, झाली का" नाही. पपई, पेरू, भाजी, भाकरी हे तुला सांगायला नको. आठवड्यात फरक पडला नाही तर घेऊन ये, औषध देऊ.

दुसरं कारण तालीम. केजीच्या मुलांना दोन-दोन तास उभं करून गाणं घोटवतात. कुणी चुकलं की सगळ्यांना पुन्हा. तुझी मुलगी मागच्या रांगेत एंजल असेल आणि तिला पंख टोचत असतील, किंवा शेजारचा मेंढपाळ काठीनं ढोसत असेल. माझ्याकडे एक मुलगा यायचा, रोज सकाळी ओकारी. कारण असं निघालं की त्याला गाढव केलं होतं आणि त्याला ते घरी सांगायची लाज वाटत होती. "आज शाळेत काय झालं" असं विचारलंस तर "काही नाही" येणार. अंघोळ घालताना, पाठ चोळताना, तिचं तोंड तुझ्याकडे नसताना विचार: "तुझ्या बाजूला कोण उभं असतं गं?" तिथून धागा लागतो. आणि दुखतं म्हणाली तरी शाळेत पाठव. घरी ठेवलंस की पोटाला ते कळतं, उद्या पुन्हा दुखतं. टीचरला मात्र दोन ओळी लिहून कळव.

कधी थांबायचं नाही तेही सांगते. दुखण्यानं रात्री झोपेतून उठली, ताप आला, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त आलं, वजन उतरलं किंवा दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकून चालताना वाकायला लागली, तर शाळा, तालीम, एंजल सगळं सोडून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आता झोप. तुझ्या अर्ध्या ओरडण्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते, एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून अकरा ते चौदा. तू लिहिलंयस मुलगी साडेदहाला झोपते. साडेदहा ते पावणेसात म्हणजे सव्वाआठ तास. दुपारी झोपत नाही. रोज किमान पावणेदोन तासांची उधारी, आठवड्यात एक अख्खी रात्र बुडाली. असं मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, उलट पिसाळल्यासारखं नाचतं, भावाच्या हातातलं ओढतं, मोजा नीट बसला नाही म्हणून लोळण घेतं. बघणाऱ्याला ते लाडावलेलं वाटतं. ते थकलेलं असतं.

साडेदहा का होतात? सहाला तू येतेस, सात ते आठ बाजार नाहीतर टेलर, मग जेवण, मग टीव्ही, मग "बाबा येईपर्यंत जागी राहते". ही शेवटची सवय मोडायची. साडेसातला जेवण, पावणेनऊला दिवा बंद. पहिल्या तीन रात्री ती रडेल, चौथ्या दिवशी शरीर स्वतः मागेल. आणि मार्केट, टेलर, भेटी यातलं संध्याकाळी सातनंतरचं काहीही या महिन्यात घेऊ नकोस. ड्रेसची तर गोष्टच काढू नकोस. पांढरा फ्रॉक आहे ना? पुठ्ठ्याचे पंख, कडेला चंदेरी झालर, मागे इलॅस्टिक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पंख तयारही मिळतात. शिवायला कशाला टाकायचं?

मुलाचं रात्रीचं उठणं वेगळं आहे, आणि त्यात मला तुझ्या नवऱ्याचा हात दिसतो. तो किती वाजता येतो ते तू लिहिलं नाहीस, पण कांदोळीतून किचन आवरून, चोगम रोडवरच्या गर्दीतून निघून, साडेबारा तरी होत असणार. (रस्त्याला हे नाव १९८३ साली राष्ट्रकुलातले सरकारप्रमुख इथे येऊन राहिले तेव्हापासूनचं. त्यांच्यानंतर बहुतेक तिथून कुणी वेळेवर घरी पोचलेलं नाही.) येतो, अंगाला कांदा-लसणाचा वास, आणि पहिला जातो पाळण्याकडे. गालावर हात फिरवतो. पोरगं टक्क जागं. मी त्याला दोष देत नाही. दिवसभर ज्याला बघितलं नाही त्याला बघावंसं वाटणारच. पण या वयाचं मूल एकदा असं उठलं की पुढचे दोन फेरेही आपसूक उठतं, आणि प्रत्येक वेळी झोपायला त्याला अंगावरच लागतं.

त्याला सांग, रात्री मुलगा तुझा नाही, सकाळ तुझी. ब्रेक शिफ्ट आहे तर तो अकराच्या सुमाराला निघत असेल. सात वाजता उठायचं, मुलीला कमोडवर बसवणं, वेणी, डबा, व्हॅन हे त्याचं. मग मुलाला अंघोळ आणि पेज. नऊला सासूबाईंच्या हवाली करून पुन्हा तासभर आडवा झाला तरी चालेल. वेणी वाकडी येईल, येऊ दे. तुला सकाळी पाऊण तास मोकळा मिळेल आणि मुलांना बाप मिळेल. सीझनमध्ये बाप मिळायची तीच एक वेळ आहे. रात्री तू मुलाला पाजायचं बंद कर असं मी आत्ता म्हणणार नाही. घरात सहा पाहुणे आणि बाप ड्युटीवर असताना ते काम काढायचं नसतं, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बघू.

आणि त्याला स्वेटर घालून झोपवत असाल तर काढा. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे वीस-एकवीस अंश असतं. सगळी आजीमंडळी तेवढ्यावर कानटोपी काढतात. घामानं भिजलेलं मूल उठणारच.

कुस्वाद. काकींना नाही म्हणू नकोस, काम बदलून माग. नेवऱ्या (करंज्या) तळायला रात्री नऊ ते बारा जाऊ नकोस, दोदोलाच्या भांड्याजवळ तर मुलांना घेऊन उभीसुद्धा राहू नकोस. माडाचा गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ तास-दोन तास ढवळत आटवतात. ते उकळताना फुटून उडतं आणि कातडीला चिकटतं. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं. पाक जात नाही, तिथेच बसून भाजत राहतो.

कुलकुलां मात्र माग. रविवारी दुपारी दोन तास, मुलीला घेऊन. मैदा, थोडा रवा, साखर, नारळाचा रस यांचं घट्ट मळलेलं पीठ. गॅसपासून लांब, जेवणाच्या टेबलावर तिला बसव. समोर एक काटा उपडा ठेव. सुपारीएवढी गोळी काट्याच्या दात्यांवर अंगठ्यानं दाबायची, पसरायची आणि खालून वर गुंडाळत आणायची. जमली की अंगावर रेघा असलेली शिंपलीसारखी वळी होते. पहिल्या दहा फाटतील, दोन ती कच्च्याच खाईल, विसावी बरोबर येईल. पाच वर्षांच्या बोटांना हा इतका छान व्यायाम आहे की मी लिहिता न येणाऱ्या मुलांना पाटी-पेन्सिलऐवजी हेच सांगेन. तळायचं काम काकींचं. बेबिंक कुणी घरी करायला सांगितलं तर सरळ हस. एकेक थर वेगळा भाजायचा, सात थर म्हणजे अर्धा दिवस. सोळा महिन्यांचं मूल असलेल्या बाईनं ते विकत आणावं.

पाकाचं मी इतकं का सांगते? माझा धाकटा दीड वर्षाचा होता. डिसेंबरच होता, लाडवांचा पाक उतरवून मी टोप ओट्याच्या कडेला ठेवला आणि वळून फोन घेतला. त्यानं फडक्याचं टोक ओढलं. मी मुलांची डॉक्टर, त्याच्यापासून दोन हातांवर. सासूबाई टूथपेस्ट घेऊन धावल्या आणि खरं सांगते, पहिले काही क्षण मीही ती हातात घेऊन उभी होते. मग त्याला उचलून नळाखाली धरला. त्याच्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे, घड्याळ घालतो म्हणून दिसत नाही. तेव्हा पाठ कर: भाजलं की वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, कारण रडणारं मूल हातात असलं की तीन मिनिटंसुद्धा वीस वाटतात. बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट नाही, तूप नाही. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना. चेहरा, हात, पाय, सांधा, शूची जागा किंवा मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठं भाजलं असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल, १०८ला फोन.

नाताळच्या खरेदीत आणखी एक वस्तू आहे जिची मला मनापासून भीती वाटते. लुकलुकणारी सांताची टोपी. सिग्नलवर, बाजारात, सगळीकडे. तिच्यात, तशाच खोट्या मेणबत्त्यांत आणि उघडली की गाणं म्हणणाऱ्या शुभेच्छापत्रांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते, आणि झाकणाला स्क्रू असतोच असं नाही. मुलानं गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून भाजून भोक पाडायला सुरुवात करते. मूल लाळ गाळेल, खोकेल, खायला नको म्हणेल किंवा काहीच करणार नाही. एक्सरेशिवाय कळत नाही. शंका आली तरी निघायचं. ओकारी काढायची नाही, जेवण द्यायचं नाही. मूल वर्षाच्या वर असेल, गिळून बारा तास व्हायचे असतील आणि ते नीट गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, सहा वेळांपर्यंत. मधासाठी घरी थांबायचं मात्र नाही. लुकलुकणाऱ्या टोप्या घरी आणूच नकोस, पाहुण्यांनी आणल्या तर बॅटरी काढून ठेव.

अख्खे काजू आणि शेंगदाणे मुलाला पाच वर्षांपर्यंत नाही, बारीक कुटून चालतील. द्राक्षं उभी चिरून. आणि केकवर वरून रम शिंपडलेली असते ती भाजून उडालेली नसते. "एक घास काय होतो" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. लहान मुलात दारूनं रक्तातली साखर एकदम उतरू शकते, हे त्यांना माझं नाव सांगून ऐकव.

आता पुणं. ही कामगिरी तुझी नाही, नणंद तुझ्या नवऱ्याची बहीण आहे, निरोप त्यानं पाठवायचा. आजच. मी मजकूर देते, त्याला तो जसाच्या तसा पाठवू दे: "ताई, या, मुलं वाट बघतायत. माझी २ तारखेपर्यंत रजा नाही, त्यामुळे तुम्हाला फिरवायला मी नसेन. आमची आतली खोली मुलांच्या झोपेसाठी ठेवलीय, तुम्हा सगळ्यांची सोय हॉलमध्ये आणि वरच्या खोलीत. सकाळी पोदेर (पाववाला) येतो, पाव आणि पातळ भाजी नाश्त्याला. रात्रीचं जेवण घरी, साडेसातला. दुपारचं तुम्ही फिराल तिथे." यात अपमान कुठे आहे ते मला दाखव. उलट पाहुण्यांना काय मिळणार हे आधी कळलं की तेही सैल होतात. मासळी आणून साफ करणं, तळणं, सहा माणसांना सोलकढीसकट दोन वेळा वाढणं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. २७ तारखेला त्या घरची आई ताप घेऊन माझ्याच बाकावर बसलेली असते, मुलाला दाखवायला आलेली. नणंदेला एक काम मात्र दे: मुलाला संध्याकाळी तासभर फिरवून आणणं. आत्यांना ते आवडतं आणि तुला तेवढ्यात अंघोळ मिळते.

सासूबाईंचं "आपल्यात नसतं" फार मनावर घेऊ नकोस. चवथीला, म्हणजे गणपतीत, तुमच्या नेवऱ्या काकींकडे जातात ना? २५ला काकींची थाळी, वर विणलेला रुमाल, तुमच्याकडे येणार ना? सासूबाई तिच्यातलं पहिलं काय उचलतात ते मला कळव. माझ्या सासूबाई दोदोल उचलायच्या आणि मग म्हणायच्या, "देवाला दाखवला का?" नक्षत्राचं म्हणशील तर दिवाळीचा आकाशकंदील अजून गॅलरीत असेल, त्याच हुकाला लाव. वायर कठड्याच्या आतून, मुलाच्या हाताच्या वर, रात्री झोपताना बंद.

तुझं ओरडणं. मुलांवर ओरडल्यानं ती बिघडतात का, असं तू विचारलं नाहीस पण तेच तुला विचारायचं होतं. एखाद्या महिन्याच्या चिडचिडीनं मूल मोडत नाही. ओरडून झाल्यावर तिच्याजवळ बसून "आई दमली होती, तुझ्यावर ओरडायला नको होतं" एवढं म्हण. पाच वर्षांच्या मुलीला ते पूर्ण कळतं. पण मला त्याहून जास्त काळजी तुझ्या रक्ताची आहे. सोळा महिने अंगावर पाजणारी, रात्री तीनदा उठणारी, दिवसभर नोकरी करणारी बाई. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, याच आठवड्यात. चिडचिड आणि थकवा स्वभावाचा समजून वर्ष काढलेल्या बायका मी पाहिल्यात, हिमोग्लोबिन आठ. आणि सकाळी उठवत नसेल, कशातच मन लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल आणि हे दोन आठवडे चालू असेल, तर ते डिसेंबरचं काम नव्हे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजायचं नाही.

आता तुमचा सण. तुझ्या पर्वरीपासून रेइश मागूश हाकेच्या अंतरावर. त्या पोर्तुगीज नावाचा अर्थच तीन राजे. ६ जानेवारीला तिथे तीन राजांचं फेस्त असतं, गावची तीन मुलं राजे बनून मिरवणुकीनं चर्चला येतात. तोवर ख्रिस्ती घरांतला गोठा उतरवलेला नसतो, म्हणजे नाताळही संपलेला नसतो. तुझ्या नवऱ्याच्या रजा २ तारखेनंतर उघडतात. त्याला ६ तारखेची एक दिवसाची सुट्टी आत्ताच मागायला सांग, सगळ्यांनी मागायच्या आधी. मुलीला सांग, आपला केक आणि भेटी राजे येतील त्या दिवशी. मुलांना तारखा कळत नाहीत, बाबा घरी आहे हे कळतं. २४ला तुम्ही काकींकडे गोठा बघायला जाऊन या आणि पावणेनऊला झोपा. मध्यरात्रीच्या मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जायचं काकींचं बोलावणं येईल, ते पुढच्या काही वर्षांसाठी राखून ठेव.

राहता राहिला तुमच्या घरातला गोठा. बुटांचा खोका आडवा करून त्यात गवत, मेंढ्या कणकेच्या, बाळ काड्यापेटीत. गोठ्याला हिरवळ लागते आणि आपल्याकडे ती नाचणीची. अर्ध्या करवंटीत ओली माती भर, रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पसर, वरून नखभर माती. ओलं फडकं दोन दिवस झाकून ठेव, मग सकाळचं ऊन लागेल अशा खिडकीत. पाणी मुलीनं घालायचं, चमच्यानं, पेल्यानं घातलं तर दाणे एका कडेला वाहून जातात. तिसऱ्या दिवशी पांढरी टोकं, दहाव्या दिवशी बोटभर पोपटी गवत. पेरायचं १५ला. उत्साहात आठ-दहा तारखेला पेरलंस तर २४पर्यंत ते लांबून पिवळं पडतं आणि आडवं होतं. आणि दुसरी करवंटी २६ला, पुण्याच्या पोरांच्या हातानं पेरून घे. ती ६ला तयार होते.